बांधकाम येत नसेल तर नागपुरात वस्तीतल्या कुटुंबाचं घर बांधायला स्वयंसेवक म्हणून काय करता येईल?

बरंच. भिंत मिस्त्रीच उभारू द्या, ओळंबा चुकला, म्हणजे भिंत तिरकी झाली, तर घर त्या कुटुंबाचं बिघडतं. तुम्ही पाया खोदा, मुरूम भरा, घमेली उचला. पश्चिम नागपुरात काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून पाया खोदताना-भरताना घाई नको. स्लॅबला सात-दहा दिवस पाणी मारणं हे कंटाळवाणं काम कुणी घेत नाही, ते मागून घ्या. मे महिन्यात जाणार असाल तर सकाळी सहालाच, भाऊ!

खरी अडचण मात्र कागदांची. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो, पण हप्त्याहप्त्यानं, आणि जागेचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, लागतो. अर्ज भरून द्यायला माणूस हवाच असतो.