अमेरिकेत मोटरहोममध्ये कायमचं राहायचं असेल तर कोणतं घ्यावं?

तुम्ही विचारलंय: न्यू जर्सीतलं घर विकून दोघांनी मोटरहोममध्ये कायमचं राहायचं ठरवलंय, तर क्लास ए, बी की सी, किती फुटी आणि कोणत्या कंपनीचं?

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. यातली बरीचशी मोटरहोम इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात. आतला फ्रिज, पंप, हीटर त्याच दोन-चार पुरवठादारांकडून येतात. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या दोन गाड्यांपैकी एक गुणाची निघते आणि दुसरी पहिल्या पावसात गळते. त्यामुळे नावापेक्षा समोर उभी असलेली ती एक गाडी तपासायची असते.

क्लास ए म्हणजे बससारखी मोठी गाडी, क्लास सी म्हणजे व्हॅन-ट्रकच्या केबिनमागे बांधलेली खोली, आणि क्लास बी म्हणजे नुसती व्हॅन. तिच्यात दोन माणसांनी महिनाभर हिंडावं, संसार मांडू नये. तरुण पोरं मांडतात, त्यांची पाठ दुखत नाही.

फुटांचं मात्र सविस्तर सांगते, कारण आमच्या घरात याच प्रश्नावरून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

माझे थोरले दीर आमच्या आधी या नादाला लागले. त्यांची छत्तीस फुटी क्लास ए. आत फरशी, खोटी शेकोटी, नवराबायकोला वेगवेगळे टीव्ही. आम्ही गाडी बघायला निघालो तेव्हा भाऊजी सल्लागार म्हणून बरोबर. त्यांचं एकच पालुपद: "कायमचं राहायचंय ना? मग मोठं घ्या. नंतर रडाल." डीलरकडे त्यांना एक एकतीस फुटी क्लास सी पसंत पडली. फोर्ड ई-४५० चॅसी (चाकांसकट खालचा सांगाडा), दोन स्लाइड (गाडी उभी असताना बाहेर सरकणारे खोलीचे भाग), ओट्याला जोडून जास्तीचा कट्टा, आणि कपाटं इतकी की माझी जाऊबाई प्रत्येक दार उघडून "अगंबाई" म्हणत होती. नवरा विरघळला. भाऊजी विक्रेत्याशी किमतीची घासाघीस करायला लागले. मी दारात उभी होते आणि दाराच्या आतल्या बाजूला लावलेली पिवळी पट्टी वाचत होते.

ही पट्टी प्रत्येक मोटरहोमवर असते, सरकारी नियमच आहे. माणसं आणि सामान मिळून किती वजन भरता येईल ते तिच्यावर पौंडात लिहिलेलं असतं. पाण्याची टाकी पूर्ण भरली तर त्यातलं किती पाण्यातच जाईल, हेही तिथेच असतं. त्या गाडीवर आकडा होता ११५०. आम्ही दोघं मिळून ३२०. टाकी ४४ गॅलनची, एक गॅलन पाणी म्हणजे ८.३ पौंड, म्हणजे ३६५. उरले ४६५ पौंड. एवढ्या वजनात सबंध घर बसवायचं होतं.

मी विक्रेत्याला विचारलं. तो हसून म्हणाला, तो आकडा कुणी बघत नाही. भाऊजी त्याच्यावर कडी करत म्हणाले, "अगं, कंपनी मुद्दाम कमी लिहिते, कोर्टकचेरी नको म्हणून." तिथून आम्ही काही न घेता परतलो आणि गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही.

घरी आल्यावर मी बाथरूममधला वजनकाटा स्वयंपाकघरात आणला. हलक्या वस्तू टोपलीत घालायच्या, टोपली हातात धरून काट्यावर उभं राहायचं, आपलं आणि टोपलीचं वजन वजा करायचं. दोन कुकर, बिडाची कढई, तवे, मिक्सर, पोळपाट, डबे, दगडी खलबत्ता. वेट ग्राइंडर एकटाच पंचवीस पौंड. मग धान्य: तांदळाची वीस पौंडी पिशवी, तेवढीच कणीक, डाळी, तेलाचे डबे. निव्वळ स्वयंपाकघर १९० च्या पुढे गेलं. नवऱ्याची हत्यारांची पेटी उचलायला दोघं लागली. पुस्तकं, देव, हिवाळ्याचे कोट, फोल्डिंगच्या खुर्च्या, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, सायकली. एका वहीत सगळं लिहिलं. बेरीज ११०० च्या आसपास आली, आणि तीही बरंच काही वगळून.

त्या वर्षी गणपतीत भाऊजींनी जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, "आमच्याकडे आता आरटीओ आलंय, पोळपाटाचं पासिंग चालू आहे." हशा पिकला. नवराही हसला. ते मी लक्षात ठेवलंय.

आता यातली मेख ऐका. ई-४५० चॅसीचं कमाल वजन १४,५०० पौंड. वर चोवीस फुटांची खोली बांधा नाहीतर बत्तीस फुटांची, हा आकडा तोच राहतो. प्रत्येक वाढीव फूट, प्रत्येक स्लाइड, प्रत्येक कपाट तुमच्या सामानाच्या वाट्यातूनच जातं. म्हणजे ज्या गाडीत सामान ठेवायला जागा जास्त, तिच्यात सामान ठेवण्याची परवानगी कमी. सुटीला जाणाऱ्या माणसाला याने फरक पडत नाही, त्याचा वेट ग्राइंडर घरीच असतो. तुमचं घरच विकलेलं असणार. शिवाय लांब गाडीचा मागचा भाग चाकांच्या पुष्कळ मागे लोंबतो, त्यामुळे मागचा ॲक्सल दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. वाऱ्यात गाडी हातात राहत नाही ती त्याने.

आमच्या वहीनुसार आम्हाला किमान २००० चा आकडा हवा होता. पंचवीस फुटी, एकच स्लाइड, त्याच चॅसीवरची वापरलेली गाडी मिळाली आणि पट्टीवर २६०० च्या वर आकडा. ग्राइंडर पुतणीला दिला, खलबत्ता ठेवला. सगळं भरून, टाकी काठोकाठ करून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, गाडी चढवली. तिथे थोड्या डॉलरांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वेगवेगळं वजन छापून मिळतं. दोन्ही मर्यादेत. ती पावती मी फ्रिजवर लावलेली आहे आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवते. तुम्हाला हा हलकटपणा वाटला तर वाटो.

पुढे एका उन्हाळ्यात टेक्सासात आय-टेन हायवेवर भाऊजींची गाडी पुढे आणि आम्ही मागे असं चाललो होतो. त्यांच्या मागच्या जोडचाकातलं आतलं टायर फुटलं. टायर नुसतं फुटून थांबत नाही, त्याच्या चिंध्या आजूबाजूचं सगळं झोडपत जातात. सांडपाण्याचा पाइप तुटला, वायरिंग लोंबायला लागलं, आणि सबंध दुपार आम्ही रस्त्याच्या कडेला कलिंगड खात बसलो. भाऊजींचं म्हणणं, रस्त्यावर काहीतरी पडलेलं होतं. मी टॉर्च घेऊन उरलेल्या टायरांवरचा डीओटी क्रमांक वाचला. शेवटचे चार अंक म्हणजे टायर कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनलं ते. टायर आठ वर्षांचे होते. नक्षी मात्र नव्यासारखी, कारण मोटरहोमचं टायर झिजायच्या आधी म्हातारं होतं. सहा-सात वर्षं झाली की नक्षी कशीही असो, बदलायचं. वर त्यांच्या गाडीच्या पोटात फरशी, गॅलनभर लोणची आणि भाऊजींचा लाकूडकामाचा सरंजाम. वजन किती, तर माहीत नाही. आजतागायत त्यांनी ती गाडी काट्यावर घातलेली नाही.

असो. तुमच्या कामाच्या आणखी काही गोष्टी.

टाक्या बघताना लोक स्वच्छ पाण्याची बघतात. आपल्या स्वयंपाकाला आधी भरते ती धुण्या-भांड्यांच्या सांडपाण्याची. फोडणीची कढई, कुकरची भांडी, ताटं-वाट्या म्हटल्यावर ही टाकी तीस गॅलनच्या खाली असली तर तुम्ही सारखे रिकामी करायला पळत राहाल. आंघोळीला आम्ही शॉवर बंद करून बादली-तांब्या घेतला. अमेरिकन शेजारी पाणी वाचवण्याच्या युक्त्या एकमेकांना शिकवतात तेव्हा मी गप्प बसते.

वीज: तीस अँपियरचं कनेक्शन म्हणजे ३६०० वॉट. एसी चालू, वर १८०० वॉटची इंडक्शन शेगडी लावली आणि कुणी मायक्रोवेव्हचं बटण दाबलं की अंधार. पन्नास अँपियरच्या गाडीला १२,००० वॉटपर्यंत मिळतात, पण त्या गाड्या बहुधा मोठ्या. इथे भाऊजींचा एक गुण मान्य. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन एसींखाली बसून मी आमरस खाल्लेला आहे.

गॅसच्या शेगडीवर रांधलं की वाफ होते, आणि प्रोपेन जळतानाही पाणी तयार होतं. थंडीत ते सगळं खिडक्यांवर आणि गादीखाली जमतं. ओट्याजवळ छताला चांगला पंखा नसेल तर गाडी सोडून द्या, नाहीतर प्रत्येक फोडणीला धुराचा भोंगा वाजेल.

वापरलेली घेत असाल तर छत, कोपरे आणि खिडक्यांखालच्या भिंती दाबून बघा. मऊ लागलं की परत फिरा. डीलरच्या माणसाकडून नव्हे, आपल्या पैशाने स्वतंत्र तपासनीस आणा. एनआरव्हीआयए या संघटनेची प्रमाणित माणसं मिळतात. आणि नवी घेत असाल तर वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा. काही कंपन्या गाडीत कायम राहणाऱ्याला वॉरंटीतून सरळ वगळतात. विम्यातही पूर्णवेळ राहणाऱ्यांसाठी वेगळी पॉलिसी असते. ती न घेता साधी घेतलीत आणि पायरीवरून पाहुणा पडला तर काय होईल, ते एजंटला आधीच विचारून ठेवा.

लांबीचा शेवटचा मुद्दा. तुम्हाला राष्ट्रीय उद्यानं बघायची असतील, आणि बघायची नसतील तर घर विकताय कशाला, तर जुन्या कॅम्पग्राउंडच्या जागा लहान गाड्यांच्या काळात आखलेल्या आहेत. टेक्सासातल्या बिग बेंडमध्ये चिसोस खोऱ्यात उतरायला चोवीस फुटांपेक्षा लांब मोटरहोमला नको म्हणतात. ग्लेशियरमधल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या वरच्या टप्प्यावर एकवीस फुटांच्या पुढे मनाईच आहे. तिथे आमचीही जात नाही, हे खरं. तरी छत्तीस फुटांपुढे पंचवीस बऱ्याच ठिकाणी मावते.

याउलट तुमचा बेत चार-सहा महिने एकाच ठिकाणी मुक्काम करायचा असेल, म्हणजे हिवाळा ॲरिझोनात आणि उन्हाळा उत्तरेत, तर माझी सगळी वकिली बाजूला ठेवा आणि मोठी घ्या. मागे छोटी कार ओढत न्या. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सबंध मोसम एका परवान्यावर राहता येतं. एरवी सरकारी मोकळ्या जमिनीवर साधारण चौदा दिवसांनी हलावं लागतं. बघा, म्हणजे आधी हे ठरवा की तुम्ही फिरणार आहात की बसणार आहात. हे मी वर लिहायला हवं होतं, पण भाऊजी मध्ये आले.

आणि कागदपत्रं. घर विकलं की राज्य निवडावं लागतं. बहुतेक जण साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात, तिन्हीकडे राज्याचा आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. पासष्टच्या आत असाल तर आरोग्य विमा त्या राज्याबाहेर कुठपर्यंत चालतो ते राज्य निवडण्याच्या आधी बघा. ग्रीन कार्ड असेल तर पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. तुमच्यापैकी कुणी एच-वन-बीवर घरून काम करत असेल तर गाडी बघायला जाऊच नका. तो व्हिसा कामाच्या जागेला बांधलेला असतो, कामाची जागा त्या शहराच्या परिसराबाहेर नेली तर मालकाला नव्याने अर्ज करावा लागतो. आज युटा, पुढच्या महिन्यात ओरेगन, हे कुठलाही मालक करणार नाही. वकिलाला विचारा.

बाकी घासाघीस कशी करायची ते भाऊजींना विचारा, त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. ते हे उत्तर वाचणारच, जाऊबाई दाखवतील. खाली येऊन "रस्त्यावर काहीतरी पडलेलं होतं" असं लिहिण्याआधी त्यांनी कॅट स्केलची पावती आणावी. दोन्ही ॲक्सलची.