१९८८ च्या जीप चेरोकीचा गिअरबॉक्स: जुनाच दुरुस्त करावा की दुसरा बसवावा?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: गाडी १९८८ ची चेरोकी, ४.० लिटर सहा सिलिंडर, मूळचा पाच गिअरचा प्यूजो बीए-१०/५. हल्ली गिअरबॉक्स घरघरतो, तिसरा गिअर टाकताना कचकच होते. तो खोलून दुरुस्त करायचा की आयसिन कंपनीचा एएक्स-१५ गिअरबॉक्स बसवायचा, आणि हे काम स्वतः जमेल का?

आधी आवाज नेमका कुठून येतो ते शोधा. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर होते आणि क्लच दाबला की थांबते, तर इनपुट शाफ्टचं किंवा खालच्या काउंटर शाफ्टचं बेअरिंग गेलंय. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर गिअरबॉक्सवर संशय घेऊ नका, तो रिलीज बेअरिंगचा (पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणाऱ्या बेअरिंगचा) आवाज आहे. आता चालवून पाहा. चौथा गिअर थेट, म्हणजे १:१ असतो. त्यात ताकद इनपुटमधून सरळ आउटपुटला जाते आणि काउंटर शाफ्ट नुसता फिरतो, त्याच्यावर भार येत नाही. बाकी सगळ्या गिअरांत आवाज आणि चौथ्यात शांतता असेल तर काउंटर शाफ्ट किंवा त्याची बेअरिंगं संपली आहेत. आणि बॉक्स मुळात शांतच असेल, फक्त ऑइल कैक वर्षांचं असेल, तर ऑइल बदलून चालवत राहा. लोक म्हणतात म्हणून चालता बॉक्स उतरवू नये.

पण तुमच्या वर्णनावरून बेअरिंग आणि सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणारी पितळी कडी) दोन्ही गेलेत असं दिसतं. तसं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: बीए-१०/५ वर खर्च करू नका. त्याचं अॅल्युमिनियमचं कवच लांबीच्या दिशेने दोन अर्ध्या भागांत जोडलेलं असतं. सहा सिलिंडरचा जोर आला की शाफ्टना एकमेकांपासून दूर ढकलणारा ताण नेमका त्याच जोडावर येतो. नवीन बेअरिंग घातली तरी कवच तेच राहतं. जीपनेही १९८९ च्या मध्यावर हा बॉक्स सोडून एएक्स-१५ घेतला आणि तो १९९९ पर्यंत चालवला. एएक्स-१५ हा टोयोटाच्या आर-१५० चा भाऊबंद. त्याच्या कवचाचे जोड आडवे आहेत आणि मध्ये शाफ्टना आधार देणारी प्लेट आहे. खरेदी करताना ओळखही हीच: जोडरेषा लांबीत दिसली तर प्यूजो, आडवी दिसली तर आयसिन. १९८९ च्या गाड्यांत दोन्ही सापडतात, त्यामुळे विकणाऱ्याने सांगितलेल्या सालावर विसंबू नका. आणि एएक्स-५ नावाचा धाकटा बॉक्स २.५ लिटर चार सिलिंडरच्या मागे असायचा, नावाच्या साधर्म्याने तो गळ्यात पडू देऊ नका. ४.० च्या मागून निघालेलाच घ्या.

आता मुख्य गोष्ट. या कामात लोक गिअरबॉक्सचा विचार करतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचा विसरतात. बॉक्स मिळतो, गाडी खोलली जाते आणि मग एखादा शाफ्ट दोन दात्यांनी जुळत नाही म्हणून ती तशीच स्टँडवर पडून राहते. म्हणून जुना उतरवण्याआधी नवा बॉक्स जमिनीवर ठेवून मोजमाप करा.

मागचं टोक आधी बघा, कारण अडतं ते तिथेच. बीए-१०/५ च्या आउटपुट शाफ्टला २१ स्प्लाइन (शाफ्टवरचे लांबीचे दाते) आहेत, एएक्स-१५ ला २३. म्हणजे तुमचा एनपी-२३१ ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारा, गिअरबॉक्समागचा डबा) नव्या बॉक्सवर जसाच्या तसा चढणार नाही. एकतर त्याचा इनपुट गिअर २३ स्प्लाइनचा घाला, नाहीतर एएक्स-१५ बरोबर त्याच गाडीतला ट्रान्सफर केसही उचला. मी दुसरा मार्ग निवडेन. ट्रान्सफर केस खोलून इनपुट गिअर बदलणं अवघड नाही, पण एका गाडीतून निघालेला पूर्ण संच म्हणजे बेलहाउसिंग (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं, क्लचभोवतीचं कवच), गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, लिव्हर, माउंट आणि क्लचची हायड्रॉलिक नळी हे सगळं एकमेकांना जुळलेलं असतं. स्पीडोमीटरची चिंता नको, त्याचा गिअर ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला असतो. फक्त दुसरा ट्रान्सफर केस घेतलात तर तुमचा स्पीडोमीटर गिअर काढून त्यात घाला.

पुढच्या टोकाला तीन गोष्टी. पहिली, पायलट बेअरिंग, म्हणजे इनपुट शाफ्टच्या टोकाला क्रँकमध्ये आधार देणारं बेअरिंग. इनपुट शाफ्टचं टोक जुन्या एएक्स-१५ मध्ये साधारण १५ मिलिमीटर आणि नंतरच्यांत साधारण १९ मिलिमीटर आहे. व्हर्नियरने मोजा आणि क्रँकमध्ये बसेल, शाफ्टवरही बसेल असंच बेअरिंग आणा. दुसरी, क्लच प्लेट. ती बॉक्सप्रमाणे घ्या आणि शाफ्टवर हाताने सरकवून पाहा, न अडकता सरकली पाहिजे. तिसरी गोष्ट चेरोकीवाल्यांना फार छळते: क्रँक पोझिशन सेन्सर. तो बेलहाउसिंगवर बसून फ्लायव्हीलच्या खाचा वाचतो. तुमच्या इंजिनाची रेनिक्स नावाची इलेक्ट्रॉनिक कंट्रोल प्रणाली १९९० पर्यंतच होती, १९९१ पासून कंट्रोल बदलला. तेव्हा फ्लायव्हील स्वतःचंच ठेवा. नवीन बेलहाउसिंग घेताना तुमचा सेन्सर त्याच्या खोबणीत ठेवून तो खाचांच्या नेमका समोर येतो का ते तपासा. इथे चूक झाली तर स्टार्टर फिरत राहील आणि इंजिन सुरू होणार नाही.

स्लेव्ह सिलिंडरबद्दल, म्हणजे हायड्रॉलिक दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरबद्दल थोडं. १९९३ पर्यंतच्या एएक्स-१५ मध्ये तो बेलहाउसिंगच्या आत, इनपुट शाफ्टभोवती असतो. गळायला लागला की अख्खा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. १९९४ पासून तो बाहेर आला. बाहेरचा हवा असेल तर नुसतं बेलहाउसिंग बदलून भागत नाही. पुढचा बेअरिंग रिटेनरही (पुढचं बेअरिंग धरणारं झाकण) त्या काळातला लागतो, कारण रिलीज बेअरिंग त्याच्या नळीवर सरकतं. शिवाय फोर्क, रिलीज बेअरिंग आणि सिलिंडर. वर सांगितलेली सेन्सरची तपासणी इथे दुप्पट काळजीने करा. ते जुळत नसेल तर आतलाच ठेवा, पण नवा कोरा घाला.

जुना घेतलेला बॉक्स चढवण्याआधी त्यातलं ऑइल काढून बघा. पितळी चमक थोडी असतेच, लोखंडाचे कण बोटाला टोचले तर तो परत करा. प्रत्येक गिअर टाकून इनपुट हाताने फिरवा. पुढचं-मागचं ऑइल सील आणि लिव्हरखालची प्लास्टिकची वाटी बदला. ती वाटी झिजली की लिव्हर सैल हलतो आणि लोक विनाकारण गिअरबॉक्सला दोष देतात.

उतरवण्याचं काम स्वतः जमतं, पण एकट्याने करू नका. प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे लांब दांडे) सुटले की गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नसतो, म्हणून चाकांना अडण्या लावा आणि गाडी भक्कम स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीही नाही. मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमधून ओढला की ऑइल बाहेर येतं, ते आधीच काढून टाका. शाफ्टवर आणि फ्लँजवर खुणा करा. ट्रान्सफर केस वेगळा उतरवा, दोन्ही एकत्र उतरवायचा मोह टाळा. पुढच्या अॅक्सलच्या व्हॅक्यूम नळ्या कुठून कुठे जातात त्याचे फोटो काढा.

बेलहाउसिंगचे वरचे दोन बोल्ट ई-१२ टॉर्क्सचे आहेत आणि वरून हात पोचत नाही. क्रॉसमेंबर काढून गिअरबॉक्सची शेपटी जॅकवर थोडी खाली घ्या, इंजिन मागे झुकतं आणि लांब एक्स्टेंशनने मागून ते बोल्ट दिसतात. खाली घेताना रेडिएटरचा पंखा, होज आणि सायलेन्सरचा पाइप ताणले जात नाहीत ना हे दुसऱ्या माणसाने बघत राहावं. सेन्सर आणि त्याची वायर त्याआधीच सोडवा.

चढवताना एकच नियम मोडू नका: बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढायचा नाही. बेलहाउसिंग इंजिनाला हाताने भिडलं पाहिजे. बोटभर फट राहिली तर क्लच प्लेट मध्यावर नाही किंवा स्प्लाइन जुळलेल्या नाहीत. मागे घ्या, आउटपुट थोडा फिरवा, पुन्हा सरकवा. ओढून बसवलं तर प्लेटचा मधला भाग वाकतो नाहीतर कवचाचा कान तुटतो. बॉक्स इनपुट शाफ्टवर लोंबकळतही ठेवू नका.

ऑइल ७५डब्ल्यू-९०, जीएल-४. जीएल-५ मधली सल्फरयुक्त रसायनं पितळी सिंक्रोला मानवत नाहीत, शिवाय ते निसरडं असल्याने सिंक्रोची पकड कमी होते. साधारण तीन लिटरच्या वर थोडं लागतं, भरण्याच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा. आणि निचऱ्याचा बोल्ट काढण्याआधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते कायम आधी बघा.

चालवताना फरक जाणवेल. प्यूजोचा पहिला गिअर ४.०३ होता, आयसिनचा ३.८३. ट्रान्सफर केसचा लो २.७२ आणि मॅन्युअल गाडीचा मूळचा ३.०७ गुणोत्तराचा अॅक्सल धरला तर चढावरचं एकूण गुणोत्तर सुमारे ३४ वरून ३२ वर येतं. दगडांवर हळू चढताना किंचित जास्त क्लच वापरावा लागेल. पाचवा ०.७२ चा ०.७९ होतो, म्हणजे हमरस्त्यावर त्याच वेगाला इंजिन सुमारे दहा टक्के जास्त फिरेल. मोठे टायर लावले असतील तर हा बदल उलट फायद्याचाच आहे.

पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा आधी स्टँडवरच इंजिन चालू करून सगळे गिअर टाकून बघा, मग थोडंसं अंतर जाऊन परत या. बेलहाउसिंगच्या तळाशी ओल आहे का, रिव्हर्सचा दिवा लागतो का, फोर-व्हील लो नीट बसतो का, हे बघून क्रॉसमेंबरचे आणि प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा. बॉक्स मिळाल्यावर मोजताना काही अडलं तर इनपुटच्या टोकाचा व्यास आणि आउटपुटच्या स्प्लाइनची संख्या लिहून कळवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.