वाचकांचे प्रश्न : सोनेरी अक्षरे राखाडी का दिसतात?

या वेळच्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत : हलत्या त्रिमितीय अक्षरांना सोन्या-चांदीची झळाळी कशी आणायची. उत्तरे ब्लेंडर या मोफत त्रिमितीय सॉफ्टवेअरच्या ४.२ व त्यापुढच्या ४ मालिकेतल्या आवृत्त्या धरून दिली आहेत.

प्रश्न : लग्नाच्या व्हिडिओसाठी नवरा-नवरीची नावे सोनेरी करतो. मेटॅलिक (धातूपणाचे माप) १ ठेवले, रंग पिवळा दिला, तीन दिवे लावले, तरी अक्षरे मातकट दिसतात. दिवे वाढवले की नुसत्या कडा पांढऱ्या होतात. (उदगीर, जि. लातूर)

उत्तर : दिवे वाढवून हे सुटणार नाही. मेटॅलिक १ केले की पृष्ठभागावर पसरणारा उजेड संपतो. उरते ते फक्त प्रतिबिंब, बेस कलरमधून गाळून आलेले. तुमच्या दृश्यात तीन दिव्यांखेरीज काहीच नाही, सगळीकडे ब्लेंडरचा मूळचा राखाडी परिसर आहे. अक्षरे तोच राखाडी प्रामाणिकपणे दाखवत आहेत. ओसरीवर ठेवलेली पितळी घागर बघा. दाराकडची बाजू लख्ख आणि घराकडची काळपट दिसते, म्हणून ती पितळेची वाटते. उजेड आणि अंधार शेजारी-शेजारी दिसले पाहिजेत.

अक्षराची पुढची सपाट बाजू कॅमेऱ्याच्या मागचा परिसर दाखवते. बरेच जण अक्षरांच्या मागे झगमगती पार्श्वभूमी लावतात आणि झळाळी का येत नाही म्हणून अडतात. पार्श्वभूमीचा पुढच्या बाजूशी काहीच संबंध नसतो.

वर्ल्डच्या टॅबमध्ये एन्व्हायरन्मेंट टेक्स्चर जोडा आणि त्यात स्टुडिओ प्रकारची एचडीआरआय प्रतिमा (उजेडाची खरी तीव्रता साठवणारे चहूबाजूंचे चित्र) घाला. पॉली हेवन या संकेतस्थळावर त्या मोफत मिळतात आणि धंद्याच्या कामातही वापरता येतात. ती प्रतिमा मागे दिसू नये म्हणून रेंडरच्या (अंतिम चित्र तयार करण्याच्या) टॅबमधील फिल्म विभागात ट्रान्सपरंट चालू करा. प्रतिबिंब तसेच राहते.

सोन्याचा बेस कलर लाल १.०, हिरवा ०.७७, निळा ०.३४ असा ठेवा. चांदीसाठी ०.९७, ०.९६, ०.९२ आणि तांब्यासाठी ०.९६, ०.६४, ०.५४. हे आकडे आरजीबीच्या रकान्यात भरायचे, हेक्समध्ये नाही. पिवळाधमक रंग दिला की सोने प्लास्टिकसारखे दिसते. रफनेस (खरखरीतपणा) ०.१५ ते ०.२. शून्यावर नेलात तर बारीक कडांवर पांढरे ठिपके लुकलुकतात.

एवढे करूनही सोने फिकट वाटले तर कलर मॅनेजमेंट तपासा. ४.० पासून तिथे एजीएक्स ही रंग दाखवण्याची पद्धत मूळ सेटिंग आहे आणि ते प्रखर भागातला रंग उडवते. लुक ‘मीडियम हाय कॉन्ट्रास्ट’ करून बघा.

प्रश्न : शाळेच्या १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमासाठी ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ हे शीर्षक करतो आहोत. युनिकोड फॉन्टमध्ये ‘मुक्ति’ तुटते. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये जमते, पण शिरोरेषेवर प्रत्येक अक्षरापाशी भेग दिसते. (नांदेड)

उत्तर : ब्लेंडरचा टेक्स्ट ऑब्जेक्ट देवनागरीची जोडणी करत नाही. साठवलेल्या क्रमाने चिन्हे एकापुढे एक मांडतो, म्हणून ‘क’ला हलन्त राहतो आणि पहिली वेलांटी ‘त’च्या मागे जाते. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये तुकडे तुम्ही स्वतःच दिसण्याच्या क्रमाने टाइप करता, म्हणून तिथे निभावते.

भेगेचे कारण वेगळे आहे. कागदावर शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात आणि सलग दिसतात. त्रिमितीय रूपात प्रत्येक अक्षराला स्वतंत्र बेव्हल (उतरती कड) मिळते, त्यामुळे रेषेच्या प्रत्येक टोकाला उतार तयार होतो. मॅट रंगात ते खपून जाते, धातूत तिथेच चमक तुटते. मराठी शीर्षकातला हा दोष इतका सर्रास दिसतो की तो घालवणे प्रत्येकाने मनावर घ्यावे.

दोन्ही दुखण्यांवर एकच रस्ता आहे. शीर्षक इंकस्केप या रेखाचित्राच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडमध्येच लिहा. पाथच्या मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ करा, गट सोडवा, मग एका शब्दाची सगळी अक्षरे निवडून युनियन (सगळ्यांचा मिळून एकच आकार) करा. युनियन शब्दागणिक करा, म्हणजे शब्द वेगवेगळे हलवता येतील. एसव्हीजी (रेखाचित्राची फाइल) म्हणून साठवून ब्लेंडरमध्ये आणा. ते फारच लहान येते. आधी मोठे करा, कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा आणि मगच जाडी द्या. नाहीतर एक्स्ट्रूडचे (जाडीचे) आकडे वेडेवाकडे लागू होतात. युनियन विसरलात आणि पाथ नुसते एकत्र जोडलेत, तर जिथे शिरोरेषा एकमेकींवर चढतात तिथे चक्क भोक पडते.

शब्दाची उंची १ मीटर धरली तर एक्स्ट्रूड ०.०८, बेव्हल ०.०१५, बेव्हल रिझोल्यूशन ४ हे चांगले सुरुवातीचे माप. बेव्हल अक्षराला बाहेरून फुगवते. म्हणून ऑफसेटमध्ये तेवढाच उणे आकडा, म्हणजे -०.०१५ घाला. ‘क्ति’च्या जोडावर किंवा उकाराच्या टोकाला पृष्ठभाग एकमेकांत घुसून काळे डाग दिसले, तर बेव्हल त्या रेघेच्या निम्म्या जाडीपेक्षा मोठी झाली आहे. टिरो देवनागरी मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत, पण त्याच्या बारीक रेघांना हे माप झेपणार नाही. धातूसाठी बलू २ चे जाड वजन जास्त भरवशाचे. प्रिव्ह्यू रिझोल्यूशन १२ वरून २४ करा, नाहीतर ‘व’ आणि ‘क’च्या पोटात प्रतिबिंब टप्प्याटप्प्याने मोडते.

प्रश्न : अक्षरे डोलवली की झळाळी सरकत जात नाही, अख्खा शब्द एकदम पांढरा होतो आणि एकदम विझतो. (अंबाजोगाई, जि. बीड)

उत्तर : सपाट बाजू म्हणजे आरसा. आरसा १० अंश वळला की प्रतिबिंब २० अंश सरकते. अक्षरे २५ अंश डावीकडे आणि २५ उजवीकडे डोलवलीत तर प्रतिबिंबाने १०० अंशांचा फेरा मारला! शिवाय पुढच्या बाजूचा प्रत्येक बिंदू एकाच दिशेला तोंड करून असतो, त्यामुळे दिवा आला की सगळीकडे एकदम येतो.

कॅमेऱ्याची लेन्स बदलून बराच फरक पडतो. ८५ मिमीच्या लेन्सने चौकटभर शब्दात परिसराचा जेमतेम २४ अंशांचा पट्टा दिसतो, ३५ मिमीने ५४ अंशांचा. ऑर्थोग्राफिक (जवळ-दूरचा फरक न दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यात हा आकडा शून्य, म्हणून धातूसाठी तो वापरूच नये. ३५ मिमीवर या, डोलणे ८–१० अंशांवर आणा आणि त्याला चार सेकंद द्या.

माझ्या मते त्याहून चांगला उपाय म्हणजे अक्षरे जवळजवळ स्थिर ठेवून परिसर फिरवणे. एन्व्हायरन्मेंट टेक्स्चरच्या आधी टेक्स्चर कोऑर्डिनेट आणि मॅपिंग नोड जोडा. मॅपिंगच्या झेड रोटेशनला पहिल्या फ्रेमवर ० आणि शंभराव्यावर ६० अंश अशा की (कीफ्रेम) द्या आणि ग्राफ एडिटरमध्ये इंटरपोलेशन लिनियर करा. मूळ बेझिअर ठेवलीत तर चमक दोन्ही टोकांना रेंगाळते. पृष्ठभाग फारच निर्जीव वाटला तर मोठ्या आकाराचे नॉइज टेक्स्चर बंप नोडमधून ०.०३ एवढ्याच जोराने द्या. ओतीव धातूला असते तशी किंचित लाट येते.

प्रश्न : लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही, त्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. सायकल्स या ब्लेंडरच्या संथ रेंडर इंजिनमध्ये रात्रभराचे काम वाया जाते. (सेलू, जि. परभणी)

उत्तर : ईव्ही या ब्लेंडरच्याच वेगवान रेंडर इंजिनवर या. वर्ल्डमधल्या प्रतिमेचे प्रतिबिंब ईव्ही रे-ट्रेसिंग बंद असतानाही दाखवते. ते चालू करावे लागते फक्त अक्षरांनी एकमेकांचे किंवा दुसऱ्या वस्तूंचे प्रतिबिंब दाखवायचे असेल तेव्हा. परिसराच्या चित्रातून प्रतिबिंब काढण्याची ही रीत ब्लिन आणि न्यूवेल यांनी १९७६ मध्ये मांडली, आणि साध्या यंत्रावर ती आजही उत्तम चालते.

हे चित्र तुम्ही स्वतः काढू शकता. गिम्प या चित्रे काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २०४८ × १०२४ पिक्सेलचा गडद करडा कागद घ्या (रुंदी उंचीच्या दुप्पटच हवी). त्यावर ६० ते १५० पिक्सेल रुंदीचे तीन-चार उभे पांढरे पट्टे असमान अंतरावर काढा, कडा किंचित धूसर करा, एखादा पट्टा फिकट केशरी ठेवा. पूर्ण रुंदी म्हणजे ३६० अंश, तेव्हा ६० पिक्सेलचा पट्टा साधारण साडेदहा अंशांचा. स्ट्रेंग्थ २ ते ३ द्या.

थेट व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर करू नका, वीज गेली की ती फाइल बहुधा उघडतच नाही. आउटपुट पीएनजी, आरजीबीए (रंगांसोबत पारदर्शकताही) ठेवा. ओव्हरराइटची खूण काढा, प्लेसहोल्डर्सची लावा. वीज आल्यावर पुन्हा रेंडर लावले की झालेल्या फ्रेम्स सोडून काम पुढे चालते. पण वीज गेली त्या क्षणीची फ्रेम शून्य बाइटची उरते. ती आधी पुसा, नाहीतर ब्लेंडर तिला झालेली समजून पुढे जाईल आणि व्हिडिओत एक झटका बसेल. पीएनजी फ्रेम्सची ही मालिका पारदर्शक असल्याने एडिटिंगमध्ये थेट लग्नाच्या दृश्यावर ठेवता येते.

प्रश्न : संगणकावर सुंदर दिसणारे शीर्षक मिरवणुकीतल्या एलईडी वॉलवर चरचरते. (जालना)

उत्तर : १२ × ८ फुटांच्या पी-४ वॉलवर दर ४ मिलिमीटरला एक पिक्सेल असतो, म्हणजे सगळे मिळून सुमारे ९१५ × ६१०. पूर्ण एचडी चित्र तिथे निम्म्याहून कमी रुंदीत बसवले जाते आणि बेव्हलवरची एका पिक्सेलची चमकती रेघ दर फ्रेमला दिसते-लपते. वॉलवाल्याकडून नेमके पिक्सेल विचारून त्याच मापात रेंडर करा. बेव्हल किमान ३–४ पिक्सेल रुंद दिसेल इतकी वाढवा आणि रफनेस ०.३ पर्यंत न्या.