बसून माप घे

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. पेशवेकालीन घरांच्या अंतर्गत सजावटीचा विषय घेतलास, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्याकडे वाड्यांवर लिहिलं जातं ते बहुतेक दरवाजे, बुरूज आणि चौक यांच्यावर. आतली खोली कशी मांडलेली असे, याकडे फार थोडे वळतात. पण पहिल्याच प्रकरणाला तू ‘फर्निचर’ असं शीर्षक दिलंस आणि खाली जेमतेम दीड पान भरलं. तुझी अडचण तिथेच माझ्या लक्षात आली. तू खुर्च्या-टेबलं शोधायला गेलीस आणि ती मिळाली नाहीत.

कॉलेजात तू जी पुस्तकं वाचलीस ती युरोपातल्या घरांवर बेतलेली आहेत. तिथे चौदावा लुई, पंधरावा लुई अशी राजांच्या नावाने शैलींची वाटणी होते आणि खुर्चीच्या पायाच्या वळणावरूनही काळ सांगता येतो. तीच फूटपट्टी अठराव्या शतकातल्या पुण्याच्या दिवाणखान्याला लावलीस, तर खोली रिकामी वाटणारच. ती भरलेली होती, कापडाने: जाजमं, गालिचे, गाद्या, लोड, तक्के, पडदे. सकाळी बैठक घातली की ती कचेरी, बैठक गुंडाळून पाट मांडले की पंगत, आणि रात्री तिथेच अंथरुणं. तंबू-कनाती, बिछायत हे सगळं सांभाळायला पेशव्यांकडे फरासखाना हे वेगळं खातं होतं. तेव्हा शैली कोणती हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. कोणत्या वेळी इथे काय अंथरलं जाई, कोण कुठे बसे, आणि उठल्यावर ते सामान कुठे जाई, एवढंच विचार. तुझा सगळा प्रबंध यातून उभा राहील.

वाड्यात गेलीस की आधी खाली बस. मांडी घालून बसल्यावर डोळा जमिनीपासून साधारण पाऊण मीटरवर येतो. त्या उंचीवरून खोली पाहा. उभ्याने ठेंगण्या वाटणाऱ्या खिडक्या मग बरोबर नजरेसमोर येतात. कोनाड्यात हात पोचतो. सुरूचा खांब तळखड्यापासून, म्हणजे खालच्या दगडी बैठकीपासून, वर चढत जातो आणि वरच्या कोरीव केळफुलांशी नजर ठरते, हे बसल्याशिवाय कळत नाही. मग टेप काढ. खोली किती खणांची (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण), खुंट्या किती उंचीवर, तुळयांना हंड्या-झुंबरांच्या कड्या कुठे आहेत, सगळं मांड. कड्यांच्या जागा मिळाल्या की रात्री उजेड कुठे पडे ते कळतं, आणि उजेडावरून मानाची जागा कुठली ते.

सुरुवात वाईजवळच्या मेणवलीपासून कर. नाना फडणविसांच्या त्या वाड्यात भिंतींवरची चित्रं अजून जागेवर आहेत. विश्रामबागवाड्यात मात्र सावध राहा. १८७९च्या आगीत तो होरपळला होता, त्यामुळे जुनं लाकूड कोणतं आणि नंतरची दुरुस्ती कोणती हे आधी ठरव. केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महाल आहे. तो जरूर बघ, पण ती विसाव्या शतकात मांडलेली खोली आहे हे विसरू नकोस. तिथले दिवे आणि अडकित्ते बघताना मला नेहमी एकच चुटपुट लागते: हे कुठल्या घरातून, कुठल्या खोलीतून आले असतील? काचेच्या कपाटात वस्तू वाचते, तिचा शेजार मात्र हरवतो. म्हणून वस्तूखालच्या माहितीच्या चिठ्ठीवर थांबू नकोस. वस्तू कुठून आली ते लिहिलेली संग्रहालयाची नोंदवही बघायला मिळते का, विचार.

शनिवारवाड्याच्या गणेश महालाचं चित्र तू पुरावा म्हणून घेतलं आहेस. १७९०च्या तहाचा दरबार, इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट आणि पेशवे सवाई माधवराव. वाडा १८२८मध्ये जळाला, त्यामुळे हे चित्र अनमोल आहे, मान्य. पण ते चित्रकार थॉमस डॅनियलने पुरं केलं १८०५मध्ये, इंग्लंडात. हाताशी होती ती दुसरा चित्रकार जेम्स वेल्स याची रेखाटनं, आणि वेल्स १७९५मध्येच वारला होता. मॅलेट तर त्याचा जावई. तेव्हा लोक जमिनीवर कसे बसले आहेत यावर मी विश्वास ठेवीन. खांबांमधलं अंतर मोजायला मात्र धजणार नाही.

आता कागद. लंडनजवळच्या हॅम हाउसच्या १६७७, १६७९ आणि १६८३च्या सामानाच्या याद्या टिकून आहेत, खोलीवार. घरही उभं आहे. त्यामुळे एखादा पडदा किंवा खुर्ची कुठून कुठे हलली ते तिथे ताडून पाहता येतं. आपल्याकडे अशी सोय क्वचितच. पण जामदारखान्याचे, म्हणजे मौल्यवान चीजवस्तूंच्या कोठाराचे, हिशेब, खरेदीच्या याद्या, जप्तीचे कागद यांतून खोली पुन्हा जुळवता येते. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांतून, निवडून ४५ खंड छापले, ते थोर काम आहे. पण त्या निवडीचा कल मुख्यतः राजकारणाकडे आहे. गाद्यांच्या अभ्र्यांचा हिशेब तुला मूळ रुमालांतच, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांतच, शोधावा लागेल, आणि तो मोडीत असेल. त्याला पर्याय नाही.

कारकुनाने लिहिलं ते खजिन्यातून गेलेल्या मालाचं. माजघर त्याच्या वहीत जवळजवळ नाहीच. उतरंड, फडताळ, पाळणा, बाळंतिणीची खोली यांसाठी जात्यावरच्या ओव्या वाच, जुन्या घरांतल्या आजींशी बोल. या प्रकरणाला दिवाणखान्याइतकीच पानं दे, हा माझा आग्रह समज.

शेवटचं प्रकरण एकोणिसाव्या शतकावर ठेव. मुंबईत कोरीव शिसवी खुर्च्या-टेबलं घडू लागली, १८९४मध्ये रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि त्याची चित्रं घरोघर गेली. खुर्ची आली तशी भिंतीवरच्या चित्रांची उंची वाढली असावी, असा माझा कयास आहे. जुन्या खिळ्यांच्या खुणा मोजून तो तपासता येईल. खोटा ठरला तरी छाप.

आराखडा बदलून या महिनाअखेर पाठव. आणि मोडीच्या वर्गाला आधी नाव घाल. बाकीचं वाचन त्यासोबत होईल.

तुझा,
सर