खेड्यातल्या मुलीनं पुरातत्त्वात जावं का? आधी कुणी बाई होती का?

तू विचारलंस, वर्ध्याकडच्या गावातून या क्षेत्रात गेलं तर चालेल का, की हे पुरुषांचंच काम? आधी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या बाईंबद्दल वाच.

लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या पुरातत्त्वाच्या जुन्या संस्थेनं 1921 पर्यंत एकाही बाईला फेलो, म्हणजे सदस्य, करून घेतलं नव्हतं. अशा काळात, 1929 साली ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेनं त्यांना आफ्रिकेत, आजच्या झिम्बाब्वे देशातल्या ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी अवशेषांचा शोध घ्यायला पाठवलं. सोबत कॅथलीन केनियन होत्या, पुढं पॅलेस्टाइनमधल्या जेरिको या प्राचीन शहराच्या उत्खननासाठी गाजलेल्या. एवढं बांधकाम आफ्रिकन लोकांना जमणारच नाही, हे तिथल्या गोऱ्यांनी धरूनच ठेवलेलं. 1905 मध्ये रँडल-मॅकआयव्हर या पुरातत्त्वज्ञानं उलट सांगितलं होतं, पण ते पचलं नव्हतं. बाईंनी भिंतींखालचे थर एकेक करून उकलले, खापरं आणि मणी कोणत्या थरात सापडतात ते नोंदवलं, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या भरसभेत सांगितलं: हे काम आफ्रिकन लोकांचंच आहे, आणि मध्ययुगातलं. केवढा गदारोळ झाला! पण पुरावा थरात होता, तो हलला नाही. मला त्यांचं हेच सगळ्यात आवडतं.

आणि बाई गं, विदर्भासारखी शाळा कुठं मिळणार? नागपूरजवळ जुनापाणीला दगडांची वर्तुळं आहेत, लोहयुगातली दफनं. टाकळघाट-खापा, माहुरझरी इथं नागपूर विद्यापीठानंच उत्खनन केलंय, आणि तिथं पुरातत्त्वाचा विभागही आहे. बारावीनंतर कोणत्याही विषयात पदवी घे, पण इतिहास घेतलास तर सोपं जाईल.