सिडनीच्या खडकांवर स्पिअरफिशिंग: गनचा प्रश्न सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिडनीत येऊन वर्ष झालं, लहानपण वेंगुर्ल्यात गेल्यामुळे पाण्याची भीती नाही, आता पूर्वेकडच्या खडकांवरून स्पिअरफिशिंग, म्हणजे श्वास रोखून बुडी मारत भाल्याने मासे मारणं, सुरू करायचंय, तर 110 सेंमीची गन (रबराच्या ताणाने भाला फेकणारी) घेऊ की 90 ची? 110 नकोच. 90 सुद्धा लगेच नको. इथे नवखा माणूस गनमुळे फारसा अडत नाही. तो अडतो खडकावरून उतरताना, परत चढताना आणि श्वास ताणताना, म्हणून आधी तेवढं घेऊ.

कोकणात पावसाळा सरला की समुद्र बरेच महिने निवांत असतो. इथे तसा भरवशाचा हंगाम नाही. दूर दक्षिणेला वादळ झालं की एक-दोन दिवसांनी, लख्ख ऊन पडलेलं आणि वारा थांबलेला असतानाही मोठी लाट खडकावर येऊन आदळते. अंदाज बघताना नुसती लाटेची उंची बघू नका, पिरियड बघा, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद. 7 सेकंदांची सव्वा मीटरची लाट एक वेळ चालून जाते. 14 सेकंदांची 1 मीटरची लाट खडकावर कितीतरी वर चढते आणि उतरताना माणसाला सोबत घेऊन जाते. पहिलं वर्ष 1 मीटरच्या आत आणि पिरियड 10 च्या खाली, एवढंच पाणी तुमचं समजा. लाट दक्षिणेची असेल तर भूशिराची उत्तरेकडे तोंड असलेली बाजू शोधा.

उन्हाळ्यात दुपारी ईशान्येचा वारा सुटतो, तेव्हा सकाळी लवकर उतरा आणि दहा-अकराला बाहेर या. हा वारा दोन-तीन दिवस टिकला की किनाऱ्याजवळचं वरचं कोमट पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. ऐन जानेवारीत 22 अंशांचं पाणी 17 वर येऊ शकतं. एकच वेटसूट घ्यायचा असेल तर 5 मिमीचा घ्या. जोरदार पाऊस पडून गेला की उघड्या समुद्रापासून निदान एक दिवस आणि खाडी-बंदरापासून तीन दिवस लांब राहा. गटाराचं पाणी मिसळतं, दिसत काही नाही, आणि गढूळ पाण्यात शार्कलाही तुम्ही नीट दिसत नाही.

आता उतरणं. खडकावर पोचलात की पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत बसा. लाटा झुंडीने येतात, मोठ्या तीन-चार आणि मग उसंत. ही उसंत किती लांबते ते मोजा. काळपट, ओला, बुळबुळीत दिसणारा खडक म्हणजे लाट तिथवर येतेच. तिथे उभं राहून फिन (पोहण्यासाठी पायात घालायची पाती) चढवू नका. उतरायच्या आधी बाहेर यायची जागा ठरवा, आणि ती बंद झाली तर दुसरी. दुसरी जागा शक्यतो आडोशाचा वाळूचा किनारा असू दे, मग तो 400 मीटर पोहून का असेना.

फ्लोट (दोरीने सोबत ओढायचा तरंगता बोया) आधी पाण्यात टाका, दोरी मोकळी आहे ना बघा, कडेला बसून फिन घाला, मास्क चढवा, हातातलं हत्यार न भरलेलं. लाट वर चढून पाणी काठाला लागलं की घसरत पाण्यात जा आणि ओसरत्या पाण्याबरोबर जोरात फिन मारून बाहेर निघा. उडी नको. खाली काय आहे ते फेसात दिसत नाही, आणि उडीत मास्क निघतो.

बाहेर येताना उलटं. खडकापासून दहा मीटरवर थांबा, झुंड जाऊ द्या, मग छोट्या लाटेच्या पाठीवरून आत या, दोन्ही हातांनी खडक धरा आणि पाणी ओसरेपर्यंत तसेच चिकटून राहा. ओसरलं की दोन पावलं वर. फ्लोटची दोरी मनगटाला किंवा कमरेला गुंडाळलेली नसावी. ती कपारीत अडकली तर पुढची लाट तुमच्यावर येते आणि तुम्ही हलू शकत नाही. दोनदा प्रयत्न फसला तर हट्ट सोडा, दुसऱ्या जागेकडे पोहत जा.

श्वासाबद्दल जरा सविस्तर, कारण यातच चांगले पोहणारे जातात. उतरण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की शरीरातला ऑक्सिजन जवळजवळ वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो. श्वास घ्यावासा वाटतो तो याच कार्बन डायऑक्साइडमुळे, म्हणून ती हाक उशिरा येते आणि आपल्याला वाटतं दम वाढला. त्यात दाबाचा खेळ. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे खाली सगळं ठीक वाटतं. वर येताना दाब निम्मा होतो, उरलेल्या ऑक्सिजनचा दाबही त्याबरोबर पडतो, आणि शेवटच्या काही मीटरांत, कधी तर डोकं बाहेर काढून पहिला श्वास घेतल्यावरसुद्धा, शुद्ध जाते. आधी सूचना मिळेलच असं नाही. एकटा असाल तर बेशुद्धीत पाणी पोटात आणि फुप्फुसात जातं, आणि खेळ संपतो.

म्हणून दोघं, आणि दोघांमध्ये एक वर, एक खाली. दोघं एकाच वेळी बुडी मारून बाजूबाजूला मासे शोधत असतील तर ते दोघंही एकटेच. बुडीआधी दोन मिनिटं पोटाने संथ श्वास, शेवटी एक पूर्ण श्वास, स्नॉर्कल (श्वासाची नळी) तोंडातून काढा, मग खाली. सुरुवातीला 5-6 मीटर आणि 30-40 सेकंद पुष्कळ झाले. वर आलात की सगळी हवा फुस्सकन सोडू नका. थोडी सोडा, झटकन आत घ्या, असं तीन-चारदा. वरचा सोबती पुढची 30 सेकंद फक्त तुमचा चेहरा बघेल. ओठ निळे, मान डुगडुगतेय, हाकेला ओ नाही, तर वेट बेल्ट (बुडायला मदत करणारा कमरेचा वजनांचा पट्टा) सोडून द्यायचा, तोंड पाण्याबाहेर, मास्क काढायचा, गालावर टिचकी आणि मोठ्याने ‘श्वास घे’. तरीही श्वास सुरू झाला नाही तर तोंडाने श्वास द्यायचा आणि किनाऱ्यावर 000 ला (इथला आपत्कालीन नंबर) फोन. हे वाचून येत नाही. फ्रीडायव्हिंगचा (श्वास रोखून बुडी मारण्याचा) दोन दिवसांचा कोर्स करा. गनचे पैसे वाचवून त्यात घाला. दोन बुड्यांमधला वेळ बुडीच्या निदान दुप्पट, नवख्याने तर त्याहून जास्त.

वजन कमीच ठेवा. चाचणी साधी: वेटसूट आणि बेल्टसह उभे तरंगा आणि श्वास सहज सोडा. पाणी डोळ्यांपर्यंत आलं तर ठीक, डोकं बुडालं तर एक किलो काढा. बेल्ट रबरी हवा आणि एका झटक्यात सुटणारा. नायलॉनचा बेल्ट खाली गेल्यावर वेटसूट दबला की सैल होऊन फिरतो आणि बकल पाठीमागे जातं. नेमकं लागेल तेव्हा सापडत नाही.

कान पहिल्या मीटरपासूनच फुंका (नाक चिमटीत धरून हवा कानांकडे ढकला), दुखायची वाट बघू नका. दुखलं तर वर या. सर्दी असेल तर घरी बसा. मास्क डोळ्यांवर दाबला जातोय असं वाटलं तर नाकाने थोडी हवा आत सोडा. नवा मास्क टूथपेस्टने आतून घासल्याशिवाय वापरलात तर धुकं धरणारच. फिन लांब पात्यांचे पण प्लॅस्टिकचे घ्या. कार्बनची पाती खडकावर आपटून तडकतात, आणि पहिल्या वर्षी आपटणारच आहात.

हत्यार. पहिल्या मोसमात हँड स्पिअर घ्या: दीड ते दोन मीटरचा भाला, मागे रबराचा फास, पुढे तीन टोकं. फास अंगठ्यात अडकवून हात काठीवर पुढे सरकवायचा, पकड सोडली की भाला सुटतो. पल्ला जेमतेम मीटरभर, म्हणून माशाच्या जवळ जायला शिकावंच लागतं. हेच शिक्षण गन देत नाही. नंतर गन घ्याल तेव्हा 75 ते 90, उघड्या तोंडाची (पुढे भाल्याभोवती कडं नसलेली), एका रबराची. इथे पाणी बऱ्याचदा 5-8 मीटरच स्वच्छ असतं आणि मासा कपारीत असतो. 110 कपारीत फिरवता येत नाही, आणि जवळून मारली की शाफ्ट (गनचा भाला) मासा पार करून खडकावर वाकतो.

गन पाण्यातच भरायची, मूठ छातीला टेकवून, टोक सोबत्यापासून लांब. बाहेर यायच्या आधी पाण्यातच मोकळी करायची. सेफ्टीवर विश्वास नको, बोट ट्रिगरबाहेर ठेवा. रबरावर, विशेषतः टोकांशी बारीक चिरा दिसल्या की बदला. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका.

परवाना आणि नियम. न्यू साउथ वेल्समध्ये 18 वर्षांवरील माणसाला मासेमारीचा परवाना लागतो, भाल्यासाठीही. स्कूबा (पाठीवरची हवेची टाकी) किंवा हूका (वरून नळीने येणारी हवा) लावून मासे मारता येत नाहीत, फक्त स्नॉर्कल. वाळूच्या समुद्रकिनाऱ्यांवर भाल्याला बंदी आहे, दोन्ही टोकांचे शेवटचे 20 मीटर सोडून. लॉबस्टरला भाला लावायचा नाही. मॅनलीजवळचा कॅबेज ट्री बे 2002 पासून राखीव आहे, तिथे काहीच पकडता येत नाही. पण मासे न भिणारे असल्याने ओळख करून घ्यायला त्याच्यासारखी शाळा नाही. पहिले काही रविवार रिकाम्या हाताने तिथेच जा. बाकी जागांचे नियम खडकागणिक बदलतात, म्हणून सरकारी फिशस्मार्ट ॲपवर ती जागा दरवेळी तपासा.

ओळख इतकी महत्त्वाची का? गळाला लागलेला मासा सोडता येतो, भाल्यावरचा नाही. ब्लू ग्रोपर हा इथला राज्यमासा, त्याला भाला मारण्यावर 1969 पासून बंदी आहे. पण निळा असतो तो फक्त मोठा नर. लहान मासे आणि माद्या तपकिरी किंवा लालसर असतात, मागे मागे येतात, हाताच्या अंतरावर थांबतात, आणि नवख्याला वाटतं केवढा सोपा मासा! जाड ओठांचा, धिटाईने जवळ येणारा तपकिरी मासा दिसला की हात आवरा. ब्लॅक रॉककॉड आणि ग्रे नर्स शार्क हेही संरक्षित. ग्रे नर्सला 1984 साली संरक्षण द्यावं लागलं, त्यात आधीच्या पिढीतल्या भालेवाल्यांचा हात मोठा होता. ते बेसावध, शांत शार्क शौर्य म्हणून मारले गेले.

मग मारायचं काय? रेड मॉरवाँग: 5 ते 12 मीटरवर मोठ्या दगडांच्या आडोशाला स्थिर उभा असतो, किमान 30 सेंमी, दिवसाला 5. लुडरिक: फेसाळ पाण्यात थव्याने, किमान 27, दिवसाला 10. ड्रमर म्हणजे रॉक ब्लॅकफिश: घळीत, किमान 30. मॉरवाँग इतका सोपा आहे की एकच कपार दर आठवड्याला रिकामी करणारे लोक आहेत. तो जागा सोडत नाही आणि हळू वाढतो, तेव्हा एका ठिकाणाहून एकच घ्या. आकड्यांचा घोळ पाण्यात होतो: मास्कमधून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते. 30 सेंमी वाटणारा मासा बाहेर काढल्यावर 22-23 भरतो. तेव्हा 40 चा वाटल्याशिवाय 30 च्या मर्यादेचा मासा मारू नका. हँड स्पिअरच्या काठीवर 30 ची खूण केलीत तर शेजारी धरून अंदाज येतो.

माशाकडे सरळ पोहत गेलात तर तो जाणारच. तळाशी दगडाआड पडून राहा, नजर दुसरीकडे, हालचाल बंद. बरेच मासे कुतूहलाने स्वतःच वळतात. नेम कल्ल्यांच्या लगेच मागे, मधल्या रेषेच्या किंचित वर. पोटात लागला की फाटून सुटतो आणि फुकट मरतो. कपारीत हात घालायच्या आधी आत बघा. वॉबेगाँग शार्क गालिच्यासारखा पडून असतो, आणि चावला की सोडत नाही.

मासा हातात आला की डोळ्याच्या मागे-वर टोचून मेंदू मारा, कल्ले कापून रक्त जाऊ द्या. मासे फ्लोटला बांधा, कमरेला कधीच नाही. लुडरिक आणि ड्रमर शेवाळ खातात. पोट काठावरच साफ केलं नाही तर तो उग्र वास मांसात उतरतो आणि कितीही कोकम घातलंत तरी कालवणातून जात नाही. पोटातला काळा पापुद्रा बोटाने खरवडून काढा, जमल्यास कातडीही. मग बर्फात, आणि बर्फाचं पाणी डब्यातून वाहून जात राहील असा.