शेजाऱ्यांची बोटं वाकडी आहेत, मुलांना कुष्ठरोग होईल का?

तुम्ही विचारलंय की शेजारी नवीन आलेल्या गृहस्थांना पूर्वी कुष्ठरोग होता, बोटं वाकडी आहेत, तर मुलांना त्यांच्याकडे पाठवावं का. उपचार पूर्ण झाले असतील तर खुशाल पाठवा. बोटांकडे बघून काही ठरवू नका. मला हा आजार होऊन गेलाय.

माझं किराणा दुकान आहे. २०१६ च्या दिवाळीत जो तो म्हणायचा, "शेठ, तब्येत सुधारली, चेहरा कसा तुकतुकीत झालाय!" मीही खूश. ती तुकतुकी म्हणजेच आजार होता. चेहऱ्याची कातडी आणि कानाच्या पाळ्या जाड होत चालल्या होत्या. खरा संसर्ग तेव्हा होता, आणि तेव्हा गिऱ्हाईक काउंटरवर रेलून माझ्याशी गप्पा मारत चहा प्यायचं.

पुढे एकदा डाव्या हाताला उदबत्ती टेकली. बायको ओरडली तेव्हा मला कळलं. सरकारी दवाखान्यातून एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगाच्या अनेक औषधांचा एकत्र उपचार, सुरू झाली. बारा महिने, फुकट. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत संसर्ग थांबतो. पण त्यातल्या क्लोफाझिमिनने अंग काळं पडतं. मी तर भाजलेल्या वांग्यासारखा दिसायला लागलो. मग कुजबुज, "रक्तपिती झालीय म्हणे." समोरच्या काकू सुट्टे पैसे हातात घेईनात. "तिथं बरणीवर ठेव," म्हणायच्या.

बोटांचं म्हणाल तर कोपरामागून जाणारी नस सुजून निकामी झाली की करंगळी आणि अनामिका वाकतात. जंतू मेले तरी ती नस बहुतेक वेळा सुधारत नाही. काहींची बोटं ऑपरेशनने सरळ होतात. मी मात्र गल्ला सोडून ऑपरेशनला जायचं टाळत राहिलो. आणि कोड वेगळं बरं का, ते संसर्गजन्य नाहीच. कुणी त्याला 'श्वेतकुष्ठ' नाव ठेवलं आणि कितीतरी पोरींची लग्नं अडली.

मुलांची काळजी असेल तर त्यांच्या अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा आहे का बघा. असला तर दवाखाना गाठा.

गोळ्या संपल्यावर वर्षभरात माझा काळेपणा उतरला. "आता कसा बरा दिसतोस," म्हणत काकूंनी सुट्टे हातात घेतले. मी ते उजव्या हाताने दिले. डावा गल्ल्याच्या आड असतो.